पांढऱ्या कपड्यांत

दगडावर कोळशाने साप काढून झाला होता. सापाचं अंग तळापासून निघून उजव्या कडेने वर गेलं होतं, माथ्यावर वळून डावीकडे उतरलं होतं आणि स्वतःच्याच शेपटीपाशी येऊन थांबलं होतं. मधल्या मोकळ्या जागेत क्रूस होता. आता सापाच्या अंगात अक्षरं बसवायची होती. ब्रांड दगडासमोर उकिडवा बसून वितीने जागा मोजत होता आणि इंगेथोरा त्याच्या पाठीशी उभी राहून प्रत्येक अक्षर तपासत होती.

“वहिनी, तू अशी मानेवर बसलीस तर माझा हात चुकेल,” तो म्हणाला.

“चुकला तर पुसता येईल. अजून कोळसाच आहे.”

“आर्नफस्त म्हणायचा ते उगीच नाही. म्हणायचा, बायको आणायला गेलो आणि अख्खी न्यायसभा घरी घेऊन आलो.”

इंगेथोरा हसली. आर्नफस्त तिचा नवरा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेताच्या वरच्या अंगाला त्याच्या वाडवडिलांच्या थडग्यांवरच्या मातीच्या टेकाडांची रांग होती, तिथलं सर्वांत अलीकडचं टेकाड त्याचं. ब्रांड त्याचा जुना दोस्त. दगड कोरण्यासाठी तो सरोवराच्या पलीकडून आला होता आणि काम संपेपर्यंत इथेच राहून जेवणार होता.

इंगेथोराला रून अक्षरं वाचता येत. तिचा बाप काठ्यांवर, फण्यांवर, गुरांच्या गळ्यातल्या ओंडक्यांवर ती कोरायचा. सोळाच अक्षरं, सगळ्या उभ्या नाहीतर तिरप्या रेघा. आडवी रेघ एकही नाही, कारण आडवी रेघ लाकडाच्या शिरेत हरवून जाते. आता लोक दगडावर कोरू लागले होते, तरी अक्षरांची मोडणी लाकडावरचीच राहिली होती. जुनी माणसं सांगत की जुन्या देवांचा राजा ओदिन याने स्वतःला झाडाला टांगून घेऊन ही अक्षरं मिळवली. पाद्री गेरवाल्डला हे बोलणं खपत नसे. ब्रांडची त्यावर ठरलेली थट्टा होती: “अक्षरं ओदिनची, मजकूर ख्रिस्ताचा आणि जेवण वहिनीचं. मला तिघांशीही वाकडं घेऊन चालायचं नाही.”

मजकूर इंगेथोराने स्वतः ठरवला होता. ‘इंगेथोराने हा दगड उभारला आणि हा पूल बांधला, होल्मगेरसाठी, आपल्या मुलासाठी. तो डेनांच्या मुलखात पांढऱ्या कपड्यांत मेला. हेदिन त्याच्या उशाशी होता. देव त्याच्या आत्म्याला सांभाळो.’

पांढरे कपडे म्हणजे काय, हे आता या भागातल्या पोराटोरांनाही कळत होतं. पाद्र्याकडून बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं की माणूस आठवडाभर पांढरा सदरा घालतो. त्या आठवड्यात मेला तर अंगावर एकही डाग न घेता वर जातो. कित्येक जण आजारी पडल्यावर अंथरुणातच पाणी घेत.

होल्मगेर तिचा एकुलता एक. तो आणि शेजारच्या शेतावरचा हेदिन एकाच जहाजातून पश्चिमेला गेले होते. जहाज किनारा सोडायच्या आधी इंगेथोराने मुलाला एका बाजूला घेतलं होतं आणि आर्नफस्त हातात घालायचा त्या चांदीच्या कड्यावर त्याला हात ठेवायला लावला होता. पाणी घ्यायचं नाही. कपाळावर नुसता क्रूससुद्धा काढून घ्यायचा नाही. बाहेर व्यापाराला जाणारे तेवढं करून घेत, म्हणजे तिकडचे लोक त्यांना पंगतीला बसवत.

“आई, नुसतं बोट लावतात कपाळाला. धुतलं की जातं,” होल्मगेर म्हणाला होता.

“बापाला तोंड दाखवायचंय ना शेवटी? मग शपथ घे.”

त्याने घेतली. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी हेदिन एकटाच परत आला. तापाने दोघांनाही धरलं, तो म्हणाला. तिथल्या मठात नेलं, दोघांनीही पाणी घेतलं, होल्मगेर पांढऱ्या सदऱ्यात शांतपणे गेला, माझा हात त्याच्या हातात होता. इंगेथोरा ते ऐकून रडली नाही. आधी तिला राग आला. शपथ मोडली पोराने. गवत कापून आत येईपर्यंत ती कुणाशी धड बोलली नाही. मग राग हळूहळू उतरला आणि खाली दुसरंच काही उरलं. पोरगं एका बाजूला गेलं होतं, नवरा दुसऱ्या बाजूला होता आणि तिला मरायचं तर होतंच. दोघांपैकी एकाकडेच जाता येणार होतं.

आर्नफस्तला ती वीस वर्षं लाभली होती. तिने पाद्र्याला निरोप धाडला.

थंडीत, सरोवराचं पाणी काठाशी गोठत असताना तिने ते पाणी घेतलं. शेजारणी म्हणाल्या, परवापर्यंत जुन्या देवांच्या सणाला घोड्याचं मांस खात होती आणि आज बघा, कशी धुतल्या तांदळासारखी झाली. तिने ऐकून घेतलं. टेकाडावर दर सणाला जवाची पेज आणि दारू ठेवायची, ते बंद केलं. ते मात्र सोपं गेलं नाही. पहिल्या सणाला भांडं हातात घेऊन ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. उन्हाळा लागला तसा तिने दलदलीवर ओंडक्यांचा पूल बांधून घेतला. येणारा जाणारा पूल ओलांडताना होल्मगेरसाठी दोन शब्द बोलेल, एवढ्यासाठी. दगड पुलाच्या तोंडाशी उभा राहायचा होता.

हेदिनला तिनेच बोलावून घेतलं होतं. त्याचं नाव दगडावर येणार, ते त्याने बघावं, अशी तिची हौस होती.

तो दुपारी आला. हसत आला. नवं लग्न ठरलं होतं त्याचं, अंगावर सासुरवाडीचा अंगरखा होता.

“ये, ये, नवरदेव,” ब्रांड म्हणाला. “वाचता येतं ना? का तुलाही मीच वाचून दाखवू?”

“थोडंफार येतं, काका.” हेदिन वाकून सापाच्या अंगावरून बोट फिरवू लागला. माथ्यावरचं वळण झालं, डावीकडचा उतार झाला. मग त्याचं बोट थांबलं.

“हे माझं नाव आहे?”

“तुझंच,” इंगेथोरा म्हणाली. “तू होतास ना त्याच्याजवळ. मी असायला हवी होते तिथं तू होतास. ते राहायला नको का?”

हेदिनने हात मागे घेतला. “काकू, माझं नाव काढून टाक.”

“लाजतोस काय वेड्या?”

“लाजत नाही. काढून टाक म्हणतो ना. काका, पुसा ते. कोळसाच आहे अजून, पुसा.”

ब्रांडने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा इंगेथोराकडे पाहिलं, आणि छिन्नीला धार लावायची आहे असं काहीतरी पुटपुटत उठून गेला.

“का?” इंगेथोराने विचारलं.

हेदिन तिथेच गवतात बसला. बोलायला लागला तेव्हा भरभर बोलला, कुठे थांबलं की पुन्हा सुरू करता येणार नाही अशा घाईने.

मठाच्या दवाखान्यात फक्त पाणी घेतलेल्यांनाच जागा मिळत होती. माणसं खूप होती, ताप सगळ्या बंदरात पसरला होता. हेदिनने दारातच पाणी घेतलं. आत चूल होती, रस्सा होता, कोरडं अंथरूण होतं. होल्मगेर म्हणाला, मला जमायचं नाही. त्याला किनाऱ्यावरच्या होड्यांच्या छपरात ठेवलं. छपराला एकाच बाजूला भिंत होती.

“मी म्हटलं त्याला, घे की रे पाणी, आई कुठं बघतेय! तर म्हणाला, बघत नाही म्हणूनच.”

इंगेथोराने दगडाच्या कडेला हात टेकला.

“मी रोज जाईन म्हटलं होतं. ताप चढला, मला उठवेना. उठवेना म्हणजे... एकदा उठलो होतो, काकू. दारापर्यंत गेलो होतो. बाहेर पाऊस होता. मी परत फिरलो. मग त्यांनीच येऊन सांगितलं.”

“कुठं पुरलं?”

“त्यांच्या कुंपणात नाही घेतलं. जिथं भरतीचं पाणी येऊन थांबतं ना, तिथं.”

“निदान कपाळावर बोट तरी?”

“नाही.”

“शुद्ध गेल्यावर कुणी लावलं असेल. तुला कळलं नसेल.”

“मी विचारलं, काकू. नाही लावलं.”

ती उभी होती ती उभीच राहिली. “मग मला असं का सांगितलंस?”

“मी आत होतो आणि तो बाहेर, हे कसं सांगणार होतो? तू दारात आलीस, मला पाणी दिलंस, आधी माझीच चौकशी केलीस. मला वाटलं, दोघंही आत होतो म्हटलं की झालं. तुला काय फरक पडणार होता? तू तर पाद्र्याला उंबऱ्याच्या आत घेत नव्हतीस. तू पाणी घेशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं गं.”

“जा आता,” इंगेथोरा म्हणाली.

“काकू...”

“जा. नाव मी बघते काय करायचं ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाद्र्याकडे गेली. गेरवाल्ड सॅक्सनांच्या मुलखातला. इथली भाषा तो दहा वर्षं बोलत होता, तरी त्याची गाडी लिंगांत अडखळायची. लाकडी चर्चच्या मागे तो कांदे लावत होता.

“बाई, तू आला! दगड झाली?”

“होतोय. पाद्रीबाबा, एक विचारायचंय. एखाद्याने पाणी घेतलं नसेल, पण त्याच्या माणसांनी त्याच्यासाठी पूल बांधला, दगड उभारला, प्रार्थना केल्या. तर?”

ती आपल्या नवऱ्याबद्दल विचारते आहे असं गेरवाल्डला वाटलं. तो कांदे बाजूला ठेवून तिच्यासमोर आला. हा माणूस मनाने वाईट नव्हता.

“पाणी लागला नाही, तर प्रार्थना लागत नाही. बूड नसलेल्या भांड्यात दूध ओतला, कुठे राहणार?”

“कितीही ओतलं तरी?”

“कितीही.”

“आणि मी घेतलेलं पाणी परत देता येतं का?”

तो हसला. तिने थट्टा केली असं त्याला वाटलं. “परत? नाही, नाही. तू आता कायमचा देवाचा.”

“वर गेलेल्यांना खालचे दिसतात का?”

आता तो विचारात पडला. “आमचे मोठे लोक सांगतात, दिसतात. पण दुःख नाही होत. वर कुणाला कशाचंच दुःख नाही.”

“आपल्या माणसाचंसुद्धा नाही?”

“नाही. तिथे सगळे डोळे कोरडे.” हे तो तिचं समाधान व्हावं म्हणून सांगत होता. चेहऱ्यावर माया होती त्याच्या.

इंगेथोराने मान डोलावली आणि ती निघाली.

परतीच्या वाटेवर ती टेकाडापाशी थांबली. हात रिकामे होते. आर्नफस्तला काय विचारायचं हे ती वाटेत जुळवत आली होती, पण इथे उभं राहिल्यावर एकही शब्द तोंडाबाहेर पडेना. होल्मगेर त्याच्याकडे पोचला असेल तर मग ठीकच होतं. बाप-लेक एकत्र आणि ती एकटी त्या कोरड्या डोळ्यांच्या गर्दीत. पण तो तरी पोचला होता कशावरून? पुरताना हातात काही दिलं नव्हतं, कुणी नाव घेऊन निरोप दिला नव्हता. खाऱ्या पाण्याच्या काठावर, परक्या वाळूत, मेलेलं जनावर पुरावं तसं त्याला पुरलं होतं. जुन्या देवांनी तरी त्याला कोणत्या खुणेवरून ओळखायचं? एके काळी अशा प्रश्नांची उत्तरं तिला पाठ होती. ती आता आठवायला गेली तर मध्येच पाद्र्याचा आवाज ऐकू यायला लागला. तिने टेकाडावरचं वाळलेलं गवत दोन मुठी उपटलं, आणि मग ते कशासाठी उपटलं हेच तिला कळेना.

ब्रांडला तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकलं. थट्टा केली नाही.

“मग काय करू?” त्याने विचारलं. “हेदिनचं नाव पुसलं तर इथं जागा मोकळी पडते. साप रिकामा सोडता येत नाही, वहिनी. लोक म्हणतील कोरणाऱ्याला मोजता आलं नाही. काहीतरी बसवायला लागेल.”

“‘त्याने शब्द पाळला’ हे बसतं का?”

ब्रांडने विती टाकल्या. “पांढरे कपडे आणि हेदिन, दोन्ही काढलं तर बसतं.”

“काढ.”

त्याने ओल्या फडक्याने पुसलं आणि त्या जागी नवी अक्षरं काढली. इंगेथोरा दगडासमोर ओंडक्यावर बसली. सबंध दुपार ती तिथून हलली नाही. ब्रांडने जेवायला हाक मारली तरी उठली नाही. शेवटी तो पेजेचं भांडं घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला.

“छान दिसतंय,” तो म्हणाला. “खरंही आहे.”

“लोक विचारतील, कुणाला दिलेला शब्द?”

“विचारतील.”

“मग पाद्र्याला कळेल. तो क्रूस पुसायला लावेल. दगड वाटेवर उभा राहू देणार नाही.”

“नाही देणार. पलीकडं तुझ्या रानात उभा करू. त्याला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.”

“रानात कोण वाचणार, भावजी? गुरं?” तिने भांडं घेतलं, पण खाल्लं नाही. “इथं वाटेवर उभा राहिला तर माणसं थांबतील. त्याचं नाव घेतील. होल्मगेर, म्हणतील. प्रार्थना पोचत नाही म्हणे. न पोचू दे. नाव तरी तोंडातून निघेल ना रोज कुणाच्या तरी. त्याला निरोप देताना कुणी तेवढंही घेतलं नाही.”

ब्रांड जमिनीकडे बघत होता. “आपण तिघं मेलो की दगडावर असेल तेच खरं. तू, मी आणि तो हेदिन. चौथ्याला कुणाला माहीत आहे?”

“मला माहीत असेल.”

“मेल्यावर?”

“मेल्यावरच. मी वर जाणार, तो तिथं नसणार. आणि मला त्याचं वाईटसुद्धा वाटणार नाही, म्हणतात.” ती थांबली. “मी त्याला कड्यावर हात ठेवायला लावलं नसतं तर तो आत चुलीपाशी असता, भावजी. रस्सा प्याला असता. कदाचित जगलाही असता.”

“असं बोलू नये.”

“मग कसं बोलू?”

ब्रांडने भांडं तिच्या हातातून काढून घेतलं, कारण पेज कलंडायला आली होती.

“पूस ते,” ती म्हणाली. “आधीचं होतं तेच काढ.”

“हेदिनचं नावही?”

“तेही. ते गेलं तर लोक त्याला विचारतील, तुझं नाव का गेलं. राहू दे त्याला उशाशी. आता तिथून त्याला उठता यायचं नाही.”

ब्रांडने पुन्हा फडकं ओलं केलं. पुसायच्या आधी तो क्षणभर थांबला, तिने काही म्हणावं म्हणून. तिने बोटाने ती अक्षरं दाखवली.

कोरायला त्याला बरेच दिवस लागले. अक्षरांत गेरूचा तांबडा रंग भरला, सापाचं अंग काळं केलं. मग आजूबाजूच्या शेतांवरून माणसं जमली, दोरखंड लावले आणि दगड पुलाच्या तोंडाशी उभा केला. हेदिन दोरखंड ओढायला सर्वांत पुढे होता. त्याने अंग चोरलं नाही आणि इंगेथोराकडे एकदाही पाहिलं नाही.

दगड उभा राहिला की कोरणाऱ्याने तो मोठ्याने वाचायचा, आणि ज्याने उभारला त्याने तो सगळ्यांसमोर खरा म्हणायचा, अशी या भागातली रीत होती. त्याशिवाय दगड नुसता दगडच. ब्रांडने वाचायला सुरुवात केली. त्याचा आवाज एरवी खणखणीत असायचा. त्या दिवशी मागच्या लोकांना कान द्यावे लागले. माथ्यावरचं वळण झालं, डावीकडचा उतार झाला. पांढरे कपडे आले, हेदिन आला, देव आला. तो वाचून वळला.

“इंगेथोरा, आर्नफस्तची बायको, होल्मगेरची आई. हे असंच आहे का?”

सगळे तिच्याकडे बघत होते. गेरवाल्डने प्रार्थनेसाठी हात जोडून तयार ठेवले होते. तिला दिसलं ते छप्पर, एकच भिंत असलेलं. आत पोरगं पडलेलं, तापाने ओठ फुटलेले, आणि हाकेच्या अंतरावर ऊब असूनही मान हलवून नाही म्हणणारं. ती बघत नव्हती म्हणून.

“असंच आहे,” ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

गेरवाल्डने प्रार्थना सुरू केली. माणसं एकामागून एक दगडापाशी थांबत, होल्मगेरचं नाव घेत आणि पुलावरून पलीकडे जात. ओंडके पायाखाली वाजत होते. पूल चांगला झाला, असं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्याने म्हटलं, भाग्यवान बाई, मुलगा थेट वर गेला.

सगळे गेल्यावर पाद्री तिच्याजवळ आला. त्याचे डोळे पाणावले होते.

“बाई, तू रविवारी येणार?”

“येईन,” इंगेथोरा म्हणाली. “आता दुसरीकडं जायला आहे कुठं.”